विमा एजन्सी घेण्याआधी: पहिल्या तीन वर्षांचा हिशेब आणि कामाची रीत

विमा एजंट व्हायला भांडवल लागत नाही, दुकान लागत नाही, पदवीही लागत नाही. वयाची 18 वर्षं पूर्ण आणि दहावी पास, एवढ्यावर अर्ज करता येतो. दार सगळ्यांना उघडं असल्यामुळे दरवर्षी पुष्कळ जण आत येतात आणि वर्ष-दीड वर्षात काम सोडून देतात. त्यांना विकता येत नव्हतं असं क्वचितच असतं. पैसा कधी आणि किती हातात येतो, आणि विकलेली पॉलिसी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बंद पडली तर आपलं काय होतं, हे त्यांना सुरुवातीला कोणी नीट सांगितलेलं नसतं. या लेखात भर त्यावरच आहे. उदाहरणं मुख्यतः आयुर्विम्याची आणि एलआयसीच्या एजन्सीची आहेत, कारण महाराष्ट्रात तालुक्याच्या गावी नवखा माणूस बहुधा तिथूनच सुरुवात करतो. खासगी कंपन्यांत नावं आणि आकडे बदलतात, हिशेबाची रीत तीच राहते.

आधी स्वतःचा खिसा तपासा

एजन्सी म्हणजे नोकरी नव्हे. पगार, पीएफ, रजा यांतलं काहीही नाही. 'विमा कंपनीत भरती, फिक्स पगार' अशी जाहिरात वाचून मुलाखतीला गेलात आणि तिथे नातेवाइकांची यादी मागितली, तर ती जागा एजंटाचीच आहे असं समजा आणि नेमणूक पगारी आहे की कमिशनवर हे लेखी विचारा. परीक्षेची ठरलेली फी सोडून कोणी 'डिपॉझिट' किंवा 'किटचे पैसे' मागत असेल तर तिथून उठून या.

आता हिशेब. कमिशनचे दर योजनेनुसार, मुदतीनुसार आणि कंपनीनुसार बदलतात. 2023 साली विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, योजनावार कमाल मर्यादा काढून टाकल्या. पुढे ऑक्टोबर 2024 पासून पहिल्याच वर्षानंतर पॉलिसी मोडणाऱ्यालाही काही रक्कम परत देण्याचा नियम आला, तेव्हा अनेक ठिकाणी पहिल्या वर्षाचं कमिशन खाली आलं आणि पुढच्या वर्षांचं थोडं वाढलं. म्हणून शाखेत जाऊन चालू दरांचा तक्ता मागा. जुन्या एजंटाच्या तोंडी आकड्यांवर जाऊ नका. इथे समजण्यापुरते पहिल्या वर्षी 25 टक्के आणि नंतर दर वर्षी 7.5 टक्के धरू.

महिन्याला दोन पॉलिसी झाल्या आणि प्रत्येकीचा वार्षिक हप्ता सरासरी 20,000 रुपये असला, तर वर्षाला 24 पॉलिसी आणि 4,80,000 रुपये हप्ता जमतो. त्यावर कमिशन 1,20,000. एप्रिल 2025 पासून व्यक्तीच्या विमा कमिशनवर, वर्षाची रक्कम 20,000 च्या वर गेली की, 2 टक्के टीडीएस कापला जातो. इथे तो 2,400 होतो. पेट्रोल, फोन, झेरॉक्स, दिवाळीची कॅलेंडरं आणि चहापाणी मिळून महिन्याला 3,000 रुपये धरले तर वर्षाचे 36,000. हातात राहिले 81,600, म्हणजे महिन्याला 6,800. नवख्याने पहिल्याच वर्षी 24 जणांचा विमा उतरवणं ही चांगली कामगिरी आहे, आणि चांगल्या कामगिरीचा आकडा हा आहे. शिवाय पहिले दीड-दोन महिने प्रशिक्षण, परीक्षा आणि एजंटाचा कोड (नोंदणी क्रमांक) मिळण्यात जातात. त्या काळात उत्पन्न शून्य.

त्यात नवख्याच्या लक्षात न येणारी एक गोष्ट आहे. ग्राहकाने वार्षिक हप्ता भरला तर कमिशन एकदम येतं. त्याने मासिक हप्ता निवडला तर कमिशनही महिन्याच्या हप्त्याबरोबर थेंबथेंब येतं: 2,000 च्या हप्त्यावर 500 रुपये. पहिले सहा महिने सगळ्या पॉलिसी मासिक हप्त्याच्या विकल्या, तर कागदावर धंदा दिसतो आणि घरात किराण्याला पैसे नसतात.

म्हणून आमचा सल्ला साधा आहे. घरखर्चाचे किमान बारा महिन्यांचे पैसे बाजूला असल्याशिवाय चालू नोकरी किंवा धंदा सोडू नका. तेवढे नसतील तर शिकवण्या, दुकान, शेती, जे असेल ते चालू ठेवून ही एजन्सी जोडीने करा. सरकारी नोकरांनी मात्र जपावं. परवानगीशिवाय स्वतः एजन्सी घेता येत नाहीच, आणि पत्नीच्या किंवा घरातल्या कोणाच्या नावावर एजन्सी असली तरी तिच्यासाठी प्रचार करणं हा सेवा वर्तणूक नियमांचा भंग धरला जातो. 'एजन्सी बायकोच्या नावावर आहे, काम मी करतो' हे सहकाऱ्यांसमोर सहज बोललं जातं आणि एखाद्या तक्रारीने अंगाशी येतं.

एजन्सी घेण्याची वाट

पहिली पायरी शाखेत जाण्याची. एलआयसीत एजंटाची नेमणूक बहुधा विकास अधिकाऱ्याच्या, म्हणजे डीओच्या हाताखाली होते. डीओला नवे एजंट हवेच असतात, कारण त्याचं स्वतःचं मूल्यमापन हाताखालच्या एजंटांच्या धंद्यावर होतं. यात वावगं काही नाही, पण निवड तुम्हीही करा. दोन प्रश्न विचारा: 'तुमच्याकडे तीन वर्षांहून जास्त टिकलेले एजंट किती?' आणि 'पहिल्या दहा भेटींना तुम्ही माझ्याबरोबर याल का?' दुसऱ्या प्रश्नाला हो म्हणणारा आणि खरोखर येणारा डीओ मिळाला तर निम्मं शिक्षण तिथेच होतं.

कागद फारसे लागत नाहीत: पॅन, आधार, दहावीची गुणपत्रिका, फोटो आणि बँक खात्यासाठी रद्द केलेला धनादेश. तिन्ही कागदांवर नाव एकसारखं आहे का ते घरीच पाहा. लग्नानंतर आडनाव बदललेल्या महिलांचा अर्ज इथेच अडतो: गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं आणि पॅनवर तिसरंच. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद सोबत ठेवली की काम सरतं. तुमच्या नावावर आधीच कुठली एजन्सी आहे का, हे नियामकाच्या पोर्टलवर पॅनवरून तपासलं जातं. एका व्यक्तीला एका वेळी एकच आयुर्विमा कंपनी, एक सर्वसाधारण विमा कंपनी आणि एक आरोग्य विमा कंपनी घेता येते. पूर्वी कोणाच्या आग्रहाने एखाद्या खासगी कंपनीचा कोड काढून विसरला असाल, तर आधी त्याचा राजीनामा आणि मुक्ततेचं पत्र मिळवा. अनेकांचे महिने यात जातात.

नंतर प्रशिक्षण आणि आयसी-38 नावाची परीक्षा. ती संगणकावर होते, 50 प्रश्न, वेळ एक तास, उत्तीर्ण व्हायला 35 टक्के, म्हणजे 18 उत्तरं बरोबर हवीत. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न मोकळा सोडू नका. मराठीत परीक्षा देता येते. फक्त अभ्यासाचं पुस्तक आणि परीक्षेची भाषा एकच ठेवा. 'विमायोग्य हित', 'परमसद्भाव', 'समनुदेशन' हे शब्द मराठी पुस्तकात वाचलेलेच नसतील तर प्रश्न सोपा असूनही चुकतो.

महिलांसाठी एलआयसीची विमा सखी योजना आहे, डिसेंबर 2024 मध्ये सुरू झालेली. वय 18 ते 70, दहावी पास. पहिल्या वर्षी महिना 7,000, दुसऱ्या वर्षी 6,000, तिसऱ्या वर्षी 5,000 असं विद्यावेतन मिळतं, आणि कमिशन त्याशिवाय. हा पगार आहे असं समजून मात्र जाऊ नका. वर्षाला 24 जणांचा विमा आणि पहिल्या वर्षाचं 48,000 रुपये कमिशन अशी अट आहे. पहिल्या वर्षी केलेल्या पॉलिसींपैकी किमान 65 टक्के चालू राहिल्या तरच दुसऱ्या वर्षाचं विद्यावेतन मिळतं, तिसऱ्यासाठीही तोच मापदंड. एलआयसीच्या सध्याच्या एजंटांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या जवळच्या नातलगांना ही योजना नाही. बचत गटात काम केलेल्या बाईला ही सुरुवात चांगली आहे. गावात कोणाकडे कधी पैसा असतो हे तिला कोणी शिकवावं लागत नाही.

साध्या एजन्सीतही किमान धंद्याची अट असते. एलआयसीत एजन्सी वर्षात 12 वेगवेगळ्या व्यक्तींचे विमे आणि पहिल्या हप्त्यापोटी 1 लाख रुपये, असा हा किमान आकडा आहे. एजन्सी वर्ष नेमणुकीच्या तारखेपासून मोजतात, एप्रिलपासून नाही. ती तारीख भिंतीवर लिहून ठेवा. शेवटच्या महिन्यात आकडा भरायला भाऊ, मेहुणा, वहिनी यांच्या नावावर पॉलिसी काढून हप्ते स्वतः भरणं ही या धंद्यातली फार जुनी आणि फार महाग सवय आहे. पुढच्या वर्षी त्याच पॉलिसींचे हप्ते पुन्हा तुमच्याच खिशातून जातात, आणि त्यांवरच्या कमिशनपेक्षा हप्ते पहिल्याच वर्षापासून जास्त असतात.

पहिली यादी

डायरी घ्या आणि शंभर नावं लिहा. नुसतं नाव आणि नंबर पुरत नाही. नावापुढे वय, घरात मिळवते किती आणि अवलंबून किती, मुलांची वयं, कर्ज आहे का, आधीच्या पॉलिसी कुठल्या, आणि पैसा कुठल्या महिन्यात येतो हे लिहा. हा शेवटचा रकाना बहुतेक नवखे सोडून देतात. उसाचं बिल गळीत हंगाम सुरू झाल्यावर हळूहळू येतं, द्राक्षाचा पैसा फेब्रुवारी ते एप्रिलच्या आसपास, शिक्षकाचा दर महिन्याला, रंगकाम करणाऱ्याचा गणपती-दिवाळीच्या तोंडावर. ज्याचा पैसा मार्चमध्ये येतो त्याला जुलैचा वार्षिक हप्ता लावून दिलात, तर पेरणीच्या खर्चात तो हप्ता चुकणार हे ठरलेलं.

नातेवाइकांकडून सुरुवात करायला हरकत नाही, पण तिथे संपते ती एजन्सी वर्षभरातच संपते. मामाने 'पोरगा धंद्याला लागलाय' म्हणून घेतलेली पॉलिसी मामाच्या गरजेची नसते, आणि दुसऱ्या वर्षी तो हप्त्याचं नाव काढत नाही. मग लग्नकार्यात तोंड चुकवण्याची वेळ येते. नातेवाइकाकडे गेलात तरी प्रश्न तेच विचारा जे अनोळखी माणसाला विचारले असते. विमा विकलाच नाही तरी 'तुमच्या ओळखीत नुकतं घर घेतलेलं, नुकतं मूल झालेलं कोण आहे?' एवढं विचारून तीन नावं घ्या. कर्ज आणि मूल या दोन वेळा अशा आहेत की माणूस विम्याचा विचार स्वतःच करत असतो.

फोनवर योजना समजावू नका, फक्त वेळ मागा: 'काका, एलआयसीचं काम सुरू केलंय. रविवारी सकाळी वीस मिनिटं द्याल का? तुमच्या जुन्या पॉलिसीही काढून ठेवा, वारस आणि पत्ता बरोबर आहे का बघून देतो.' जुन्या पॉलिसी बघून देणं ही सगळ्यात चांगली सुरुवात. दहा घरांत चार ठिकाणी तरी काही ना काही निघतं: वारस म्हणून वारलेल्या वडिलांचं नाव, बंद पडलेली पॉलिसी, बदललेला पत्ता, खात्याशी न जोडलेली पॉलिसी. ते दुरुस्त करून दिलं की समोरचा माणूस तुम्हाला पुढच्या वेळी घरात घेतो.

भेटीत काय विकावं

कमावत्या माणसाने आपल्या वर्षाच्या उत्पन्नाच्या किमान दहापट संरक्षण घ्यावं, हा सुरुवातीचा ढोबळ ठोकताळा ठीक आहे. त्यात चालू कर्ज मिळवा. वर्षाला 4 लाख कमावणाऱ्या आणि 10 लाखांचं गृहकर्ज असलेल्या माणसाला 50 लाखांचं संरक्षण हवं. बचतीच्या पारंपरिक पॉलिसीत एवढी रक्कम उभी करायला जो हप्ता लागेल तो त्याच्या आवाक्यात नसतो. टर्म विम्यात, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच रक्कम देणाऱ्या विम्यात, ती बसते. टर्मचा हप्ता लहान म्हणून तुमचं कमिशनही लहान, हे खरं. तरीही संरक्षण आधी टर्ममधून द्या आणि बचतीची पॉलिसी त्याला झेपेल एवढीच जोडा. असं केल्याने पहिल्या वर्षी उत्पन्न कमी दिसेल, पण हप्ता झेपणारा असल्यामुळे पॉलिसी टिकते.

टिकण्याची किंमत पैशांत बघा. वरच्या उदाहरणातल्या 24 पॉलिसींपैकी 80 टक्के चालू राहिल्या तर त्या एका वर्षाच्या धंद्यावर पुढे दरवर्षी 28,800 रुपये येतात. निम्म्याच राहिल्या तर 18,000. असाच धंदा चार वर्षं केला की पाचव्या वर्षी नवं काही विकण्याआधीच 80 टक्के टिकवणाऱ्या एजंटाकडे 1,15,200 आलेले असतात, निम्म्या टिकवणाऱ्याकडे 72,000. शिवाय ज्यांच्या पॉलिसी बंद पडल्या त्या माणसांच्या घरून पुढची नावं मिळत नाहीत. एजंटांचे क्लब, पुरस्कार, एजंटाला मिळणारी गृहकर्जासारखी सोय, हे सगळंही चालू पॉलिसींवर मोजलं जातं.

हप्ता झेपेल का हे विचारण्याची रीत आहे. 'महिन्याला किती टाकाल?' असं विचारलं की माणूस उत्साहात मोठा आकडा सांगतो. 'गेल्या वर्षी सगळ्यात अडचणीचा महिना कोणता गेला? त्या महिन्यात हे पैसे निघाले असते का?' असं विचारा. आकडा आपोआप खाली येतो, आणि तोच खरा आकडा असतो.

कराच्या नावाने विकणं आता जपून करा. नव्या करप्रणालीत विमा हप्त्याची वजावट मिळत नाही आणि पगारदारांपैकी पुष्कळांनी ती निवडलेली आहे. 'मार्च आला, कर वाचवा' म्हणून विकलेली पॉलिसी त्या माणसाच्या सीएसमोर उघडी पडते. दुसरीकडे, 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी लागत नाही. जुना हप्ता लक्षात असलेल्या ग्राहकाला हे सांगा.

जुनी पॉलिसी मोडून नवी घ्यायला लावणं हा सगळ्यात वाईट प्रकार. मोडताना त्याला भरलेल्या पैशांतला मोठा हिस्सा सोडावा लागतो, नव्या पॉलिसीत वय वाढलेलं असतं आणि ज्या तीन वर्षांनंतर कंपनीला पॉलिसीवर शंका घेता येत नाही ती मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते. एजंटांच्या आचारसंहितेतही हे निषिद्ध आहे.

'तू किती सोडणार?'

हा प्रश्न पहिल्या महिन्यातच येईल. 'अमुक एजंट पहिला हप्ता स्वतः भरतो', 'निम्मं कमिशन परत दे'. विमा कायदा 1938 च्या कलम 41 प्रमाणे कमिशनातून सूट देणं आणि घेणं दोन्ही गुन्हा आहे आणि दंड 10 लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो. कलम सोडून नुसता हिशेब केला तरी हा व्यवहार बसत नाही. 20,000 च्या हप्त्यावरचे 5,000 दिलेत, तर पेट्रोल तुमच्या अंगावर आणि टीडीएसही तुमच्या नावावर. आणि ज्याने पहिला हप्ता मनापासून स्वतःच्या खिशातून भरला नाही तो दुसरा भरत नाही.

उत्तर आधीच ठरवून ठेवा आणि न चिडता द्या: 'कमिशन सोडत नाही, ते बेकायदा आहे. पण कर्ज, वारस, क्लेम, पत्ता बदल, कशालाही फोन करा, मी येईन.' काही जण निघून जातील. ते पुढेही प्रत्येक वर्षी काही ना काही मागत राहिले असते.

प्रस्ताव अर्ज: इथे घाई चालत नाही

अर्ज आता बहुधा मोबाइलवर भरला जातो, त्यामुळे 'सगळं नाही-नाही टिक करून टाकू' हा मोह वाढला आहे. प्रत्येक प्रश्न मराठीत मोठ्याने वाचा आणि ग्राहकाने दिलेलं उत्तरच भरा.

तंबाखूचा प्रश्न घ्या. 'व्यसन आहे का?' म्हटलं की माणूस 'छे, मी सिगारेट ओढत नाही' म्हणतो. खिशात मात्र तंबाखू-चुन्याची डबी असते. त्याच्या दृष्टीने तंबाखू मळणं हे व्यसनच नाही. घरातल्या बाई सकाळी मिश्री लावतात, त्याही नाही म्हणतात. म्हणून वेगवेगळं विचारा: सिगारेट, बिडी, तंबाखू, गुटखा, मावा, मिश्री, दिवसातून किती वेळा. मोठ्या रकमेच्या टर्म विम्यात लघवीच्या तपासणीत निकोटिनचा अंश सापडतो आणि अर्जात 'नाही' असेल तर प्रस्ताव तिथेच संशयास्पद ठरतो. खरं लिहिलं तर हप्ता थोडा वाढतो, एवढंच.

साखर, रक्तदाब, झालेली शस्त्रक्रिया, दवाखान्यात भरती, घरातले आजार आणि आधीच्या सगळ्या पॉलिसी लिहा. 'दुसऱ्या कंपनीची पॉलिसी कशाला सांगायची?' हे बऱ्याच ठिकाणी ऐकू येतं. 2019 साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात आधीची पॉलिसी लपवली म्हणून दावा नाकारणं योग्य ठरवलं, आणि कोऱ्या किंवा न वाचलेल्या अर्जावर सही केली होती ही सबब मान्य केली नाही. विमा कायद्याच्या कलम 45 प्रमाणे तीन वर्षं पूर्ण झाल्यावर पॉलिसीवर शंका घेता येत नाही, पण माणूस तीन वर्षं जगेलच याची खात्री असती तर विमा कशाला लागला असता.

छोट्या वाटणाऱ्या तीन चुका मोठा त्रास देतात. पहिली, मोबाइल नंबर स्वतःचा टाकणं. ओटीपी लवकर मिळतो म्हणून एजंट असं करतात. मग हप्त्याची आठवण आणि पॉलिसी बंद पडल्याची सूचना ग्राहकापर्यंत पोचतच नाही. दुसरी, जन्मतारीख. शाळेच्या दाखल्यावर 1 जून आणि आधारवर वेगळीच तारीख, असं गावाकडे सर्रास असतं. आधी एक तारीख ठरवून कागद दुरुस्त करून घ्या. तिसरी, वारस. लहान मुलाचं नाव वारस म्हणून टाकलं आणि त्याच्यासाठी पालक नेमलाच नाही, असं होतं. आणि कर्जबाजारी होण्याची भीती असलेल्या व्यापाऱ्याला विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या 1874 च्या कायद्याखाली पॉलिसी घेता येते, म्हणजे ते पैसे बायको-मुलांसाठीच राखले जातात, हे सांगायचं राहून जातं. ही तरतूद पॉलिसी घेतानाच करावी लागते.

पॉलिसी आल्यावर ती स्वतः घेऊन जा. रक्कम, मुदत, हप्ता, वारस ग्राहकासमोर वाचून दाखवा आणि सांगा की पटलं नाही तर 30 दिवसांत परत करता येते. परत आली तर तुमचं कमिशनही वळतं होतं, धनादेश न वटल्यासही तसंच. तेव्हा पहिल्या महिन्याचं कमिशन खर्च करायची घाई करू नका.

हप्त्याची रोकड हाताळू नका

'तूच भर ना माझा हप्ता, हे घे पैसे' हे प्रेमाने म्हटलं जातं. एजंटाला दिलेला हप्ता म्हणजे कंपनीला दिलेला हप्ता नव्हे. 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या प्रकरणात एलआयसीच्या एजंटाने हप्त्याचा बेअरर धनादेश घेतला, पैसे काढले, आणि हप्ता कार्यालयात भरला तेव्हा विमेदाराचा मृत्यू झालेला होता. न्यायालयाने ठरवलं की एजंटाला हप्ता गोळा करण्याचा अधिकार नव्हता, म्हणून पॉलिसी बंदच होती. एका कुटुंबाचे पैसे एजंटाच्या खिशात पडून राहिल्याने गेले. ज्या एजंटांना हप्ता स्वीकारण्याचा रीतसर अधिकार दिलेला असतो ते सोडून बाकीच्यांनी ग्राहकाला ऑनलाइन भरायला शिकवावं, किंवा बँकेतून थेट कपात लावून द्यावी.

थेट कपात लावली तरी लक्ष ठेवा. मासिक हप्त्याला देय तारखेनंतर सवलतीचे फक्त 15 दिवस असतात, तिमाही, सहामाही आणि वार्षिक हप्त्याला 30. पगाराचं खातं बदललं की कपात थांबते, आणि हे कोणी तुम्हाला कळवत नाही. महिन्याच्या सुरुवातीला त्या महिन्यात हप्ता येणाऱ्यांची यादी शाखेतून किंवा ॲपवरून काढा, देय तारखेच्या आठ दिवस आधी फोन करा, आणि सवलतीच्या मुदतीत पुन्हा एकदा. या दोन फोनांनी जेवढ्या पॉलिसी वाचतात तेवढ्या दुसऱ्या कशाने वाचत नाहीत. बंद पडलेली पारंपरिक पॉलिसी पहिल्या न भरलेल्या हप्त्यापासून पाच वर्षांत, युलिप (शेअर बाजाराशी जोडलेली पॉलिसी) तीन वर्षांत, पुन्हा चालू करता येते. जितका उशीर, तितकं व्याज आणि तितकी वैद्यकीय तपासणी.

हिशेब आणि कर

कमिशन जमा होईल असं एकच बँक खातं ठेवा आणि घरखर्च त्यातून करू नका. पेट्रोल, फोन, स्टेशनरीच्या पावत्या महिन्याच्या पाकिटात घाला. कमिशन हे धंद्याचं उत्पन्न आहे, पण छोट्या व्यापाऱ्यांसाठीची अंदाजे नफ्याची सोपी योजना कमिशन कमावणाऱ्यांना लागू नाही. म्हणून खर्च पावत्यांनीच दाखवावा लागतो. उत्पन्न करपात्र नसलं तरी विवरणपत्र भरा, नाहीतर कापलेला टीडीएस परत मिळत नाही. पुढे तुम्हालाच गृहकर्ज हवं असेल तेव्हा बँक तीन वर्षांची विवरणपत्रं मागते, आणि एजंटाकडे पगाराची स्लिप नसते.

दावा आला की

मृत्यूची बातमी आली की पहिल्या दिवशी कागदांचं नाव काढू नका, पण घरी जा. आठ-दहा दिवसांनी यादी घेऊन पुन्हा जा: मूळ पॉलिसी, मृत्यूचा दाखला, वारसाचं आधार-पॅन, त्याच्याच नावाच्या खात्याचा रद्द केलेला धनादेश, भरलेला दावा अर्ज. पॉलिसी घेतल्यापासून तीन वर्षांच्या आत मृत्यू झाला असेल तर दवाखान्याचे कागद आणि अंत्यविधीचा दाखलाही लागतो. अपघात असेल तर एफआयआर आणि शवविच्छेदन अहवाल. चौकशीची गरज नसलेला मृत्यूदावा कंपनीने 15 दिवसांत आणि चौकशीचा 45 दिवसांत निकाली काढावा, असा नियामकाचा नियम आहे. अर्ज दिल्याची पोच घ्या आणि त्या तारखेपासून मोजा.

दावा नाकारला तर कारणाचं पत्र लेखी घ्या आणि आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लिहा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. महाराष्ट्रात कार्यालयं मुंबई, ठाणे आणि पुण्याला आहेत, 50 लाख रुपयांपर्यंतचे दावे तिथे चालतात, फी नाही, वकीलही लागत नाही. तक्रार मात्र वारसाने स्वतः करायची असते. प्रस्ताव अर्जाची प्रत, हप्त्याच्या पावत्या आणि नकाराचं पत्र तारखेप्रमाणे लावून देणं, आणि सुनावणीच्या दिवशी वारसाला तिथपर्यंत घेऊन जाणं, एवढं एजंटाने करावं.